रोटरी माझदा घेताना: लिलावाच्या कागदापासून आपल्या गराजपर्यंत

रोटरी इंजिनाची जुनी माझदा घ्यायची, असं ज्यांनी मनाशी पक्कं केलंय किंवा जे काठावर उभे आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आपल्यापैकी बहुतेकांची माझदाशी ओळख स्वराज माझदाच्या मिनीबसपुरती. अमेरिकेत आल्यावर कुणाची तरी आरएक्स-७, म्हणजे माझदाची रोटरी स्पोर्ट्स कार, समोरून जाते, तो वेगळाच आवाज कानात बसतो आणि मग रात्र रात्र जाहिराती चाळणं सुरू होतं. नेमक्या त्याच टप्प्यावर कुणी चार गोष्टी नीट सांगणारं भेटत नाही. पिस्टनच्या गाडीचे ठोकताळे इथे चालत नाहीत, आणि जपानहून गाडी आणायची म्हटली की कागदांचं जंगल वेगळंच.

मी अमेरिकेत राहतो. इथूनही घेतली आहे आणि जपानहूनही मागवली आहे, त्यामुळे लेखातले नियम अमेरिकेचे आहेत. भारतात राहणाऱ्यांनी ही वाट धरू नये: तिथे तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी सर्वसाधारणपणे आयात करता येत नाही, म्हणजे आरएक्स-७चा प्रश्नच मिटतो.

सगळ्या लेखात एकच गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. रोटरी गाडीत रंग आणि रनिंग विकत घेऊ नका. इंजिनाची तब्येत आणि कागदपत्रं विकत घ्या.

१. आधी इंजिन समजून घ्या

यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराच्या पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. त्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू आपापल्या पाळीने मिश्रण ओढतात, दाबतात, जाळतात आणि बाहेर टाकतात. रोटर एकदा फिरतो तेव्हा मधला शाफ्ट तीनदा फिरतो. वर-खाली आपटणारं काही नसल्यामुळे इंजिन ज्या सहजपणे आठ हजार आरपीएमकडे जातं, ते एकदा अनुभवलं की पुढचा सगळा खटाटोप पटतो.

मूळ कल्पना जर्मनीतल्या फेलिक्स वांकेल यांची, पहिली घडण एनएसयू कंपनीची. माझदाने १९६१ मध्ये एनएसयूकडून परवाना घेतला. केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या सत्तेचाळीस इंजिनिअरांपुढे पहिलं संकट आलं ते त्रिकोणाच्या टोकांचं. तिथे बसवलेल्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, थरथरत फिरत आणि पोकळीच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पाडत. त्यांना जपानी इंजिनिअर सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणातून सील बनवून त्यांनी तो प्रश्न सोडवला आणि मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. दोन रोटरची ती जगातली पहिली उत्पादित गाडी.

हा इतिहास मालकाच्याही कामाचा आहे. आजही रोटरीचं मरण बहुतेक वेळा सीलमध्येच असतं. टोकाचे एपेक्स सील, बाजूचे साइड सील, आणि इंजिनाच्या थरांमध्ये कूलंट अडवून धरणाऱ्या रबरी रिंगा. एपेक्स सील तुटतात ते मुख्यतः नॉकिंगमुळे, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून बसणाऱ्या धक्क्यांमुळे. रबरी रिंगा जातात त्या इंजिन तापल्यामुळे. आणि सगळेच सील झिजतात ते तेल कमी पडल्यामुळे. म्हणून हे इंजिन मुद्दाम थोडं तेल पेट्रोलबरोबर जाळतं. तेलाची पातळी उतरते हा बिघाड नाही, तशीच रचना आहे. ॲव्हरेज मात्र वाईटच मिळेल, ते मान्य करूनच पुढे चला.

२. कोणती गाडी?

नवख्याला एफडी, म्हणजे तिसऱ्या पिढीची आरएक्स-७, हवी असते. स्वाभाविक आहे, तीच सगळ्यांत देखणी. तरी सगळी रांग एकदा बघून घ्या.

पहिली आरएक्स-७ मार्च १९७८ची. कारखान्याचा संकेत एसए२२सी, अमेरिकेत पुढच्या गाड्यांना एफबी म्हणतात. १२ए इंजिन, ११४६ सीसी, अमेरिकेतल्या गाड्यांत कार्ब्युरेटर, टर्बो नाही. हलकी, साधी, हाताने दुरुस्त करता येण्याजोगी. १९८४ आणि ८५च्या अमेरिकी जीएसएल-एसई आवृत्तीत मोठं १३बी इंजिन आणि फ्युएल इंजेक्शन मिळतं, म्हणून तिला मागणी जास्त. इथे खरा शत्रू गंज. मागच्या चाकांच्या कमानी, सीटमागच्या सामानाच्या कप्प्यांचा तळ आणि दाराखालचा पत्रा हाताने चाचपून बघा. ताज्या रंगाखाली पुट्टी असेल तर लोहचुंबक चिकटणार नाही.

दुसरी एफसी, १९८५पासून. टर्बो हवा असेल तर अमेरिकेतली टर्बो टू. सुरुवातीला १८२ हॉर्सपॉवर, १९८९पासून २००. १९८८ची दहाव्या वर्धापनाची गाडी पूर्ण पांढरी, चाकंसुद्धा पांढरी, अमेरिकेसाठी १५०० बनल्या. दुर्मिळ आवृत्ती हवी पण जपानची उठाठेव नको, अशांसाठी ही उत्तम. सर्व एफसी गाड्यांत इंधनाच्या रेलवरचा पल्सेशन डॅम्पर (पेट्रोलच्या दाबाचे हेलकावे शोषणारा भाग) तपासायचाच. तो म्हातारा झाला की पेट्रोल गळतं, आणि खाली तापलेलं इंजिन असतं. गाडी पेटण्याचं हे माहीत असलेलं कारण आहे.

तिसरी एफडी, १९९१ ते ऑगस्ट २००२. एकूण ६८,५८९ बनल्या. अमेरिकेत मात्र १९९३ ते ९५ एवढ्याच मॉडेल वर्षांत विकल्या गेल्या. १३बी-आरईडब्ल्यू इंजिनाला दोन टर्बो एकापाठोपाठ जोडलेले: आधी पहिला, मग साधारण साडेचार हजारांच्या आसपास दुसरा. त्यांना चालवणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळ्यांचं एवढं जाळं आहे की इथले लोक त्याला उंदराचं घरटं म्हणतात. तीस वर्षांच्या उष्णतेने त्या नळ्या कडक होऊन तडकलेल्या असतात. जपानमध्ये एफडीचे सहा टप्पे मानतात आणि चेसिस नंबरचा पहिला आकडा तो टप्पा सांगतो. एफडी३एस-१ने सुरू होणारी पहिल्या टप्प्यातली, ६ने सुरू होणारी शेवटच्या. सुरुवातीला २५५ पीएस (हॉर्सपॉवरच्या जवळचंच माप), चौथ्या टप्प्यात, म्हणजे १९९६ मध्ये, २६५ आणि १९९९पासून वरच्या आवृत्त्यांत २८०.

आरएक्स-८ स्वस्त पडते आणि २००३ ते २०१२ एवढी लांब चालली, म्हणून पर्यायही भरपूर. चालवायला खरोखर छान. पण स्वस्त आरएक्स-८ म्हणजे अनेकदा कॉम्प्रेशन गेलेली, म्हणजे इंजिनात दाब न टिकणारी आरएक्स-८. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारून बघा. रखडत असेल तर किंमत बंद पडलेल्या इंजिनाची धरा.

माझं मत विचाराल तर पहिली गाडी एफबी किंवा टर्बो नसलेली एफसी घ्या. दोन हिवाळे तिच्याबरोबर काढा. मग एफडीकडे वळा.

३. पैशाचा हिशोब

गाडीची किंमत हा खर्चाचा एक भाग. इंजिन कधी तरी खोलून बांधावं लागणार, असं धरूनच बजेट करा आणि ते पैसे वेगळे काढून ठेवा, मग विक्रेता काहीही म्हणो. खर्च ठरतो तो हाउसिंगवर, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचावर. भिंतीवरचा क्रोमचा थर शाबूत असेल तर नवे सील घालून भागतं. थर सोलला असेल तर हाउसिंगच नवं, आणि ते महाग. म्हणून इंजिन उघडल्याशिवाय कुणी ठाम आकडा देत असेल तर त्याच्याकडे काम देऊ नका.

बांधणारा माणूस रोटरीचाच हवा. एरवी हुशार असलेला मेकॅनिक रोटरीवर पहिल्यांदा हात बसवणार असेल तर तो हात आपल्या गाडीवर बसवून घ्यायचं कारण नाही. जवळचा रोटरी जाणणारा मेकॅनिक किती मैलांवर आहे, हे गाडी शोधण्याच्या आधी शोधा. माझ्या मते गाडी घ्यावी की नाही, याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

४. अमेरिकेतली घ्यायची की जपानहून आणायची?

अमेरिकेत विकलेली गाडी घेतली तर कागद सोपे, स्टिअरिंग डावीकडे. पण १९९५नंतरची एफडी आणि जपानच्या खास आवृत्त्या हव्या असतील तर आयातीला पर्याय नाही.

इथला केंद्रीय नियम असा: गाडी बनून पंचवीस वर्षं पूर्ण झाली की ती अमेरिकी सुरक्षा मानकांत बसत नसली तरी आणता येते. हे मोजतात ते बनल्याच्या महिन्यापासून. मॉडेल वर्ष किंवा पहिल्या नोंदणीची तारीख यात चालत नाही. सगळ्यांत जास्त लोक इथेच फसतात, कारण जपानी कागदावर ठळक दिसते ती पहिली नोंदणी. जुन्या जपानी गाड्यांच्या दारावर उत्पादनाची तारीख नसते. चेसिस नंबरावरून उत्पादनाचा महिना काढावा लागतो, आणि सीटबेल्टच्या मुळाशी असलेल्या लेबलवरची तारीख त्याला आधार देते. निर्यातदाराकडून हा महिना लेखी मागा. एफडीची शेवटची, स्पिरिट आर नावाची आवृत्ती २००२च्या एप्रिलपासून बनली, म्हणजे ती २०२७च्या एप्रिलआधी आत येऊ शकत नाही. कुणी आधी आणून देतो म्हणाला तर तिथूनच मागे फिरा.

प्रदूषणाचा नियम वेगळा. एकवीस वर्षांहून जुनी आणि मूळ रचनेतली गाडी असेल तर सूट मिळते. ‘मूळ रचनेतली’ हे शब्द विसरू नका. एफडीत तीन रोटरचं इंजिन बसवलेली गाडी जपानमध्ये मोहात पाडते, पण सीमेवर तीच अडचण होते.

राज्याचे नियम त्याहून वेगळे. कॅलिफोर्नियात १९७५नंतरची परदेशी बाजाराची गाडी नोंदवायची तर प्रयोगशाळेतून बदल आणि चाचण्या कराव्या लागतात, आणि तो खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. बाकीच्या राज्यांत नोंदणी कार्यालयाला आधी लेखी विचारा. फोनवर मिळालेलं उत्तर काउंटरवर उपयोगी पडत नाही.

५. लिलावाचा कागद कसा वाचायचा

जपानमध्ये वापरलेल्या गाड्या व्यापाऱ्यांच्या लिलावातून फिरतात आणि प्रत्येक गाडीला एका पानाचा तपासणी अहवाल असतो. आपण थेट बोली लावू शकत नाही, मध्ये निर्यातदार लागतो. त्याला ठोक फी देणं बरं. टक्केवारी घेणारा महाग गाडीकडे ढकलतो.

वरच्या कोपऱ्यातला आकडा म्हणजे एकूण दर्जा. साडेचार किंवा पाच म्हणजे फारच छान. चार म्हणजे नीट वापरलेली. साडेतीन म्हणजे ओरखडे आणि थोडं काम. आर किंवा आरए म्हणजे अपघातानंतर सांगाड्यापर्यंत दुरुस्ती झालेली. एक हा दर्जा बहुधा मोठे बदल झालेल्या गाडीला देतात. ती गाडी वाईटच असते असं नाही, पण नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. आतल्या भागाला ए, बी, सी, डी अशी वेगळी अक्षरं.

गाडीच्या आकृतीवर बारीक खुणा असतात. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे डेंटिंग-पेंटिंगची लाट, एस म्हणजे गंज, सी म्हणजे खोल गंज, एक्सएक्स म्हणजे बदललेला भाग. पुढचे आकडे वाढले की प्रमाण वाढलं. आकृतीत डब्ल्यू आणि एक्सएक्स एकाच कोपऱ्यात गोळा झालेले दिसले तर तो कोपरा ठोकलेला होता, हे समजून घ्या. जपानच्या उत्तरेकडल्या बर्फाळ भागांतून आलेल्या गाडीचा तळ मिठाने खाल्लेला असतो. तळाचे फोटो आल्याशिवाय बोली नको.

खालच्या हस्ताक्षरातल्या शेऱ्यांचं भाषांतर पैसे देऊन करून घ्या. तेल गळतं, धूर येतो, मीटर बदललेलं आहे, अशा गोष्टी तिथेच असतात. ‘किरोकुबो आहे’ असं लिहिलेलं दिसलं तर लक्ष द्या. किरोकुबो म्हणजे सर्व्हिसच्या नोंदींची वही. तिच्यात वर्षागणिक रनिंग लिहिलेलं असतं, म्हणून मीटर खरं की खोटं तेही कळतं.

आता या कागदाची मर्यादा. तपासनीस इंजिन सुरू करतो, ऐकतो, बघतो. कॉम्प्रेशन मोजत नाही. साडेचार दर्जाची, चकचकीत एफडी आतून संपलेली असू शकते. उलट साडेतीनची, पण नुकतंच नावाजलेल्या दुकानात इंजिन बांधलेली आणि पावत्या असलेली गाडी मी डोळे झाकून निवडेन.

६. कॉम्प्रेशन टेस्ट, आणि तिच्यावर अडून बसणं

संपूर्ण लेखातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा, म्हणून सविस्तर.

साधा पिस्टनचा गेज रोटरीत प्लगच्या भोकाला लावला तर तो फक्त सर्वांत मोठा दाब दाखवून थांबतो. पण प्रत्येक रोटरला तीन बाजू आहेत आणि तिन्हींचा दाब वेगळा असू शकतो. एक बाजू मेलेली असेल तर बाकीच्या दोन ते झाकतात. म्हणून रोटरीसाठीचा खास टेस्टर लागतो, जो तिन्ही आकडे वेगळे छापतो. दोन रोटरच्या इंजिनाचे सहा आकडे मिळायला हवेत. विक्रेत्याने एकच आकडा पाठवला तर टेस्ट झालीच नाही असं समजा.

इंजिन पूर्ण तापलेलं हवं, बॅटरी भरलेली हवी, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा. आणि सेल्फ मारताना शाफ्ट किती आरपीएमने फिरत होता, हे लिहिलेलं हवं. कारण कारखान्याचे आकडे २५० आरपीएमला धरलेले असतात. जोरकस स्टार्टरने ३०० आरपीएमला घेतलेला आकडा फुगलेला असतो आणि तो २५०वर उतरवून वाचावा लागतो. समुद्रसपाटीपासूनची उंचीही धरावी लागते. उंचावरच्या डेन्व्हरमधली गाडी न्यू जर्सीतल्या गाडीपेक्षा कमी दाखवणारच.

१३बी टर्बोसाठी किमान मर्यादा साधारण ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ८५ पीएसआय. एकाच रोटरच्या तीन बाजूंमध्ये फरक दीड किलोहून जास्त नको. मी फरकाला किमान आकड्याइतकंच महत्त्व देतो. सहाही आकडे ७च्या आसपास असलेलं इंजिन समान झिजलेलं आहे आणि अजून चालेल. पाच आकडे ८चे आणि एक ६चा असेल तर तिथे काहीतरी तुटलंय किंवा अडकलंय.

टेस्टनंतर गाडी चालवून बघा. एफडीवर बूस्टचा, म्हणजे टर्बोने दिलेल्या हवेच्या दाबाचा काटा साधारण १० पीएसआयला जायला हवा, दुसरा टर्बो जोडला जाताना ८वर उतरून पुन्हा १०वर यायला हवा. दुसऱ्यांदा वर येतच नसेल तर नळ्यांच्या जाळ्यात किंवा टर्बोत दुखणं आहे. १०च्या पुढे सरकत राहिला तर आणखी वाईट: मोकळा सायलेन्सर लावलेल्या गाड्यांत असं होतं, आणि नॉकिंगची वाट तिथूनच जाते.

थंड इंजिनावर कूलंटचं झाकण उघडून सुरू करा. सतत बारीक बुडबुडे येत असतील तर आतल्या रबरी रिंगा गेल्या. ‘फक्त कूलंट भरायचं राहिलंय’ असं उत्तर मिळेल. ते ऐकून घ्या आणि घरी या.

कमी रनिंगच्या गाडीवर भाळू नका. दहा वर्षं शेडमध्ये उभ्या असलेल्या रोटरीचे सील चिकटतात, रबर वाळतं, टाकीत पेट्रोलचा चिकट गाळ बसतो. नियमित चालवलेली, तेल वेळेवर बदललेली गाडी तिच्यापेक्षा केव्हाही बरी.

७. दुर्मिळ आवृत्ती खरी की बनवलेली?

एफडीच्या स्पिरिट आरच्या १५०० गाड्या बनल्या, ए, बी आणि सी अशा तीन प्रकारांत. ए म्हणजे दोन सीटची, सर्वांत हलकी, लाल रेकारो सीटांची. बी चार सीटची. सी ऑटोमॅटिक. किंमत साध्या गाडीच्या कितीतरी पट, त्यामुळे साध्या गाडीला लाल ब्रेक कॅलिपर, बीबीएसची चाकं आणि सीटं लावून उभी करणारे आहेतच. भाग बदलता येतात, चेसिस नंबर आणि इंजिनखोलीतल्या पाटीवरचे संकेत बदलणं कठीण. नंबर ६ने सुरू होतो का, पाटीवरचा मॉडेलचा आणि रंगाचा संकेत त्या प्रकाराशी जुळतो का, किरोकुबोवर तोच नंबर आहे का, हे तिन्ही मिळवून बघा. एकही जुळत नसेल तर साध्या गाडीच्या किमतीत घ्या, नाहीतर सोडा.

माझदाच्याच युनोस कॉस्मोचंही तसंच. १९९०ची ही भलीमोठी कूपे, उत्पादित गाडीत तीन रोटर देणारी एकमेव. पण सगळ्या युनोस कॉस्मोंत तीन रोटर नाहीत. जेसीईएसई संकेत असेल तर २०बी, तीन रोटर. जेसी३एसई असेल तर १३बी, दोन रोटर. जाहिरातीत दोन्ही ‘कॉस्मो’च असतात. एकूण ८,८७५ बनल्या, सगळ्या ऑटोमॅटिक. अनेकींची इंजिनं काढून लोकांनी दुसऱ्या गाड्यांत घातली, म्हणून मूळ इंजिनासह शाबूत असलेली कॉस्मो दिसली की मला तिच्याबद्दल आदर वाटतो.

आणि १९६७ची कॉस्मो स्पोर्ट? पाच वर्षांत हाताने जोडलेल्या १,१७६. तिचे भाग शोधणं हाच स्वतंत्र उद्योग आहे. ती बघायची तर हिरोशिमातल्या माझदाच्या संग्रहालयात किंवा जर्मनीत आउग्सबुर्गला फ्राय कुटुंबाच्या संग्रहालयात जा. १९९१ साली फ्रान्समधली ल मां शर्यत जिंकलेल्या माझदाच्या चार रोटरच्या ७८७बीची गोष्टही या कॉस्मोपासूनच सुरू होते असं मी मानतो, कारण तिनेच १९६८ मध्ये जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगच्या ८४ तासांच्या शर्यतीत चौथा क्रमांक मिळवून हे इंजिन टिकतं हे दाखवलं.

ज्यांना गर्दीपासून दूर काहीतरी हवं आहे, त्यांनी रोटरी पिकअप शोधावी. १९७४ ते ७७ मध्ये फक्त उत्तर अमेरिकेसाठी बनली, रोटरी इंजिनाचा दुसरा पिकअप जगात नाही.

८. लागणारी कागदपत्रं

जपानकडून:
– निर्यातीसाठी नोंदणी रद्द केल्याचं प्रमाणपत्र, मूळ प्रत, आणि त्याचं इंग्रजी भाषांतर
– खरेदीची पावती, किमतीसह
– बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने माल घेतल्याचा कागद)
– लिलावाचा अहवाल आणि किरोकुबो (कस्टम्सला लागत नाहीत, तुम्हाला आयुष्यभर लागतील)

अमेरिकेच्या बाजूने:
– वाहन सुरक्षा खात्याचा एचएस-७ अर्ज, पंचवीस वर्षांच्या सवलतीचा पहिला रकाना भरून
– प्रदूषण खात्याचा ३५२०-१ अर्ज, ई संकेत
– कस्टम्सचा ७५०१ अर्ज, शिक्का मारलेला
– आयातदार सुरक्षा माहिती, म्हणजे आयएसएफ

आयएसएफवर जरा थांबा. कंटेनर जहाजावर चढण्याच्या चोवीस तास आधी ती भरलेली हवी, उशीर झाला तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड. निर्यातदाराला वाटतं कस्टम्स ब्रोकर (कस्टम्सचे कागद भरणारा दलाल) भरेल, ब्रोकरला वाटतं माहिती आल्यावर भरू. जहाजाची तारीख कळल्याच्या दिवशी दोघांना एकाच ईमेलमध्ये घाला.

आयातशुल्काचा मूळ दर गाडीसाठी अडीच टक्के, पण २०२५पासून वाहनांवरच्या शुल्काचे नियम वरचेवर बदलत आहेत. बोली लावण्याआधी कस्टम्स ब्रोकरकडून त्या आठवड्याचा आकडा लेखी घ्या.

९. नोंदणी आणि विमा

जपानी चेसिस नंबर छोटा, अमेरिकेच्या नोंदणी कार्यालयाच्या संगणकाला सतरा अक्षरं हवीत. काउंटरवरचा माणूस मदत म्हणून पुढे शून्यं लावून टाकतो. ते होऊ देऊ नका. कस्टम्सचा कागद, टायटल (मालकीचा कागद) आणि विमा, तिन्हींवर नंबर अक्षरशः सारखा हवा, मधल्या रेघेसकट. नाहीतर पुढे गाडी विकताना किंवा दाव्याच्या वेळी पायात पाय येतात.

विमा ‘ठरलेल्या किमतीचा’ घ्या. नेहमीच्या पॉलिसीत कंपनी बाजारभाव काढते आणि तिच्या तक्त्यात स्पिरिट आर नसतेच.

१०. गाडी घरी आल्यावर

पहिल्या आठवड्यात लांबच्या फेरीचा मोह टाळा. इंजिनऑइल, गिअरऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, चारही प्लग (प्रत्येक रोटरला दोन, लीडिंग आणि ट्रेलिंग, त्यांची जागा बदलू नका) हे सगळं नवं. पेट्रोलच्या नळ्या नव्या. एफडी असेल तर प्लॅस्टिकची एअर सेपरेटर टाकी (कूलंटमधली हवा वेगळी करणारी) काढून ॲल्युमिनियमची बसवा. ती तडकली की कूलंट जातं, कूलंट गेलं की रिंगा जातात, आणि मूळ तापमानाचा काटा बराच वेळ मध्येच उभा राहत असल्याने तुम्हाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून वेगळा तापमान गेज लावा. बूस्ट वाढवण्याचे पैसे आधी इथे घाला.

११. रोजच्या सवयी

थंड इंजिन सुरू करून गाडी फक्त दोन फूट सरकवून बंद करू नका. पेट्रोलने आतला तेलाचा थर धुऊन जातो, कॉम्प्रेशन पडतं आणि पुढच्या वेळी गाडी सुरू होत नाही. याला फ्लडिंग म्हणतात. गाडी सुरू केलीत तर ती पूर्ण तापू द्या. फ्लड झालीच तर पंपाचा किंवा इंजेक्टरचा फ्यूज काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून दहा सेकंद सेल्फ मारा, प्लग काढून कोरडे करा, मग पुन्हा प्रयत्न.

दर दुसऱ्या पेट्रोल भरणीला तेलाची पातळी बघा. तेल तीन हजार मैलांना बदला, गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा. अनेक मालक पेट्रोलच्या टाकीत टू-स्ट्रोकचं तेल गॅलनला अर्धा ते एक औंस घालतात. मीही घालतो, ‘जासो एफडी’ या जपानी दर्जाचं (गाडीच्या एफडीशी संबंध नाही), कमी राख सोडणारं. टर्बो गाडीला प्रीमियम पेट्रोलच.

आणि इंजिन गरम झाल्यावर तिला पळवा. फक्त हळूहळू चालवलेल्या रोटरीत कार्बन साठतो आणि सील अडकतात. मोकळ्या रस्त्यावर लाल रेषेपर्यंत नेणं हा देखभालीचाच भाग आहे. ज्यांना गाडी फक्त झाकून ठेवायची आहे, त्यांनी दुसरं इंजिन बघावं.

१२. भाग आणि माणसं

दिसेल तेव्हा भाग घेऊन ठेवा: दाराच्या रबरी पट्ट्या, आतलं तडकणारं प्लॅस्टिक, मागचे दिवे. हे यांत्रिक भागांपेक्षा आधी संपतात. २०२०च्या अखेरीस माझदाने एफसी आणि एफडीचे बंद पडलेले काही भाग पुन्हा बनवायला घेतल्याचं जाहीर केलं. यादी जपानमधून चालते, आणि तुमचा निर्यातदार हे भागही पार्सलने पाठवू शकतो. मागवताना भागाचा पूर्ण क्रमांक द्या, वर्णन नको. टप्प्याटप्प्याने एकाच भागाचे तीन-तीन क्रमांक झालेले आहेत.

माणसं मात्र गाडी घेण्याआधी गाठा. दक्षिण कॅलिफोर्नियातला सेव्हनस्टॉक मेळावा आणि टेनेसी-नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरची डील्स गॅपची रोटरी रॅली, या दोन ठिकाणी एका दिवसात जितक्या गाड्या बघायला, ऐकायला आणि मालकांशी बोलून तपासायला मिळतात तितक्या जाहिरातींत वर्षभरात मिळत नाहीत. बॉनेट उघडं असेल तिथे थांबा आणि विचारा. कॉम्प्रेशनचे सहा आकडे विचारलेत की समोरचा ओळखतो की हा माणूस खरंच गाडी घ्यायला निघालाय, आणि विकायला काढलेल्या पण कुठेही न छापलेल्या गाड्यांचे पत्ते त्यानंतरच मिळू लागतात.